सुट्टीत तोंडचा जाणारा घास

एकाच घरातली दोन भावंडे डोळ्यांसमोर आणा. धाकटी पाच वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. थोरला आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकणारा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ या दोघांनाही मोफत जेवणाचा हक्क देतो. पण देताना त्याच्या पाचव्या कलमाने दोघांत फरक केला आहे. धाकटीला अंगणवाडीमार्फत वयानुरूप आहार मिळावा, एवढेच तिच्याबाबतीत म्हटले आहे. थोरल्याला दुपारचे एक जेवण रोज मिळावे असे म्हणताना मात्र शाळेच्या सुट्ट्या वगळल्या आहेत. अंगणवाडीतल्या पूरक पोषण आहाराचे सरकारी प्रमाण वर्षाला ३०० दिवसांचे आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा भरायच्या त्या पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस. म्हणजे मूल अंगणवाडीतून पहिलीत गेले की त्याच्या जेवणाच्या हक्कातून ऐंशी ते शंभर दिवस गळून पडतात. भूक मात्र वयाबरोबर वाढलेली असते.

या गळलेल्या दिवसांतला सर्वांत मोठा सलग तुकडा उन्हाळी सुट्टीचा. मेच्या सुरुवातीला शाळा बंद होतात आणि जूनच्या मध्यावर उघडतात. रविवार सोडले तर पस्तीसेक जेवणे या काळात बुडतात. ज्या घरात दोन वेळच्या अन्नाची चिंता नाही, तिथे हे दिवस आंब्यांचे आणि पापड-कुरडयांचे असतात. ज्या घरात शाळेतली खिचडी हेच दिवसातले भरवशाचे जेवण आहे, तिथे याच दिवसांत मूल सकाळच्या भाकरीवर संध्याकाळ गाठते.

महाराष्ट्राने या मुलांच्या जेवणाला दोन दावणींना बांधून ठेवले आहे. एरवी ते शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेले असते आणि सुट्टीत मिळालेच तर दुष्काळाच्या जाहीरनाम्याला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गरीब कुटुंबांच्या वर्षाशी यातली एकही दावण जुळत नाही. ती न जुळण्याची किंमत मुले शरीराने मोजतात, आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, हा यातला खरा धोका आहे.

ऊसतोडीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

अहिल्यानगरच्या चौदा तालुक्यांत दोन वेगळी अर्थकारणे शेजारी शेजारी नांदतात. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालचा उत्तर भाग उसाचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो प्रवरानगरचा कारखाना याच भागात उभा राहिला. दुसरा भाग ऊस तोडणाऱ्यांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या पट्ट्यातून हजारो कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. काही जिल्ह्यातच उत्तरेकडे जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात.

या कुटुंबांचे वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सोबत मुले. ज्यांना हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी ठेवता येते त्यांची शाळा निदान नावाला तरी टिकते. बाकीची मुले फडाजवळच्या कोपीत राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, मोळ्या उचलू लागतात. त्या काळात शाळेच्या जेवणाचा प्रश्नच येत नाही. पण फडावर निदान रोज हातात चार पैसे खेळतात. उसाचे वाढे विकून मीठ-मिरचीचा, तेलाचा खर्च निघतो.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर गावाकडे फिरतात. घरी आल्यावर हिशेब होतो. उचल फिटली असेल तर हातात थोडे उरते. फिटली नसेल तर उरलेले पुढच्या हंगामावर चढते. वाढे विकून मिळणारा रोजचा पैसा थांबलेला असतो. पेरणीला अजून दीड-दोन महिने असतात, त्यामुळे शेतमजुरी नसते. विहिरी तळ गाठतात, जनावरांच्या चाऱ्याला पैसे लागतात, किराणा उधारीवर येऊ लागतो. वर्षातला सर्वांत कोरडा आणि सर्वांत बिनपैशाचा काळ तो हाच. सहा महिने शाळेच्या जेवणाला मुकलेले मूल गावी येते, दोन-चार आठवडे खिचडीच्या ताटावर बसते, आणि शाळेला कुलूप लागते.

याला योगायोग म्हणता येणार नाही. शाळेचे वेळापत्रक आणि साखरेचे वेळापत्रक दोन्ही वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. ती दोन्ही एकाच मुलाला सलग दोनदा वगळतात, हे शिक्षण खात्याला आणि जिल्हा परिषदेला माहीत नसण्याचे कारण नाही.

अकोले तालुक्यातले चित्र याहून वेगळे आहे आणि एका अर्थाने अधिक कठीण आहे. सह्याद्रीच्या कुशीतला हा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचा तालुका. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याखाली निवासी आश्रमशाळा चालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाचे सुट्टीत एक जेवण बुडते. आश्रमशाळेतल्या मुलाचा तर नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळा आहार एका दिवसात घरावर येऊन पडतो. त्याच दिवसांत घरातला भात आणि नाचणी संपत आलेली असते आणि आई-बाप बहुधा जुन्नर-नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेलेले असतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस आहार देते, आणि पुढे तिच्यात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी अंडी-केळीही आली. पण तीही सहाव्या वर्षाशी थांबते. सातवीतली मुलगी मेमध्ये आश्रमशाळेतून घरी आली की शासनाच्या कोणत्याही आहार योजनेत तिचे नाव उरत नाही.

पस्तीस जेवणांचा हिशेब

बुडणारे जेवण किती मोठे असते? अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक वर्गातल्या मुलाच्या एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत. उच्च प्राथमिकसाठी हे प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे आहे. त्यासाठी लहान मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले आहे. पस्तीस दिवसांचे गणित केले तर तिसरीतल्या मुलाचे साडेतीन किलो तांदूळ, ७०० ग्रॅम डाळ आणि पावणेदोन किलो भाजी जाते. सातवीतल्या मुलीची ७०० ग्रॅम प्रथिने जातात.

मोफत रेशनने ही तूट भरून निघते, असे कोणी म्हणेल. महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळते हे खरे आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पण रेशनच्या पिशवीत गहू-तांदूळ असतात. डाळ, तेल, भाजी त्यात नसते. शाळेच्या जेवणातून मुलाला जे मिळते आणि घरी मिळत नाही, ते नेमके हेच. मे महिन्यात मूल उपाशीच झोपते असे नाही. ते चटणी-भाकरीवर किंवा मीठ घातलेल्या भातावर झोपते. पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही.

आणि हे कोणी मोजत नाही. अंगणवाडीतल्या बालकाचे वजन दर महिन्याला घेतले जाते आणि श्रेणी घसरली की निदान नोंद तरी होते. शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी होते ती शाळा सुरू असताना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वजन-उंची मोजते ती पाच वर्षांखालच्या मुलांची आणि पुढे थेट पंधरा वर्षांवरच्यांची. मधली सहा ते चौदा वर्षांची मुले या मोजपट्टीत येतच नाहीत. २०१९ ते २१च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. हीच मुले आज शाळेच्या वर्गांत बसलेली आहेत. कमकुवत पायावर उभ्या असलेल्या या पिढीचा आहार दर उन्हाळ्यात सहा आठवडे तोडायचा आणि जूनमध्ये तिच्याकडून मूलभूत वाचन-गणनाच्या चाचण्यांची अपेक्षा करायची, हे शिक्षणाच्या दृष्टीनेही आत्मघातकी आहे. जूनमध्ये शिक्षक म्हणतात की मुले सुट्टीत सगळे विसरून येतात. त्या विसरण्यात पोटाचा वाटा किती, हे विचारायची सोय आज व्यवस्थेत नाही.

दुष्काळाच्या यादीत नाव असेल तर

सुट्टीतल्या जेवणाचा विचार देशात कधी झालाच नाही असे नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या अन्नहक्क याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. त्याच याचिकेत २० एप्रिल २००४ रोजी आणखी एक आदेश आला की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्यावे. पुढे स्वराज अभियानच्या याचिकेत १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने तेच पुन्हा बजावले आणि आठवड्यातून काही दिवस अंडी, दूध किंवा तशा पर्यायाची जोड द्यायला सांगितले. तोवर महाराष्ट्रातल्या शाळा बंद होऊन दिवस लोटले होते. १२ वर्षांपूर्वी दिलेला आदेश न्यायालयाला ऐन सुट्टीत पुन्हा द्यावा लागतो, यातच त्याच्या अंमलबजावणीची कहाणी येते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात अहिल्यानगर जिल्ह्यातले अनेक तालुके होते. २०१९च्या उन्हाळ्यात अशा तालुक्यांतल्या शाळांना सुट्टीतही पोषण आहार शिजवण्याचे आदेश निघाले. म्हणजे शासनाला हे करता येते, हे सिद्ध झालेले आहे.

आता त्यानंतरचा प्रसंग पाहा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत करमाळा होता, दौंड होता, शिरूर होता, सिन्नरही होता. त्यांना लागून असलेले कर्जत, श्रीगोंदा, पारनेर आणि संगमनेर मात्र नव्हते. अहिल्यानगरचा एकही तालुका त्या चाळिसांत नव्हता. नंतर राज्यातल्या हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि ठरलेल्या सवलती लागू झाल्या. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, वीजजोडणी न तोडणे. यादी नीट वाचा. तिच्यात विद्यार्थ्याची परीक्षा फी आहे, विद्यार्थ्याचे जेवण नाही.

दुष्काळ जाहीर करण्याचे निकष पावसाची तूट, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा यांवर बांधलेले आहेत, आणि २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर ते अधिक काटेकोर झाले. शेतीच्या नुकसानभरपाईला ते योग्य असतील. पण ऊसतोडणीहून परतलेल्या, जमीन नसलेल्या कुटुंबाच्या चुलीचा त्या निकषांशी संबंध नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीही त्या घरात मे महिना कोरडाच जातो. उन्हाचे दिवस वाढत चालले आहेत, मजुरीचे दिवस कमी होत आहेत. अशा काळात मुलाचे जेवण दुष्काळाच्या यादीवर सोपवून ठेवले तर पुढची अनेक वर्षे असे घडेल की यादी कोरी असेल, दुष्काळ नसेल, आणि मुले तरीही अर्धपोटी असतील. सगळे नियमात असेल, म्हणून कोणी जाबही विचारणार नाही.

पैसे खात्यावर टाकण्याची पळवाट

यावर आज सर्वांत सहज सुचणारा उपाय म्हणजे थेट बँक खात्यात पैसे. तो करून झाला आहे. २०२१च्या उन्हाळ्यात शाळा कोरोनामुळे बंद होत्या आणि सुट्टीतल्या पस्तीस दिवसांच्या आहाराचा खर्च मुलांच्या खात्यात टाकायचे ठरले. रक्कम होती पहिली ते पाचवीला सुमारे १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला सुमारे २३४ रुपये. त्यासाठी प्रत्येक मुलाचे बँक खाते हवे होते. टाळेबंदीच्या दिवसांत पालकांनी मजुरी बुडवून, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून, तालुक्याच्या बँकेत रांगा लावायच्या आणि त्यातून दीडशे रुपये मिळवायचे, अशी ती योजना झाली. शिक्षक आणि पालक संघटनांनी तेव्हा हेच सांगितले होते की खाते उघडायला जाण्याचा खर्च मिळणाऱ्या रकमेच्या वर जातो.

रक्कम एवढी लहान का होती, हेही समजून घेतले पाहिजे. सरकार हजारो शाळांसाठी एकत्र खरेदी करते, तांदूळ केंद्राकडून मोफत येतो, म्हणून एका मुलाचे जेवण काही रुपयांत बसते. तेच रुपये आईच्या हातात दिले तर गावच्या दुकानात त्यांची पाव किलो डाळही नीट येत नाही. शिजवलेल्या जेवणाची किंमत पैशात उतरवली की जेवण नाहीसे होते. पैसा दिल्याचा दाखला तेवढा मागे राहतो.

रोख द्यायचीच तर ती किती द्यावी लागते, याचे उदाहरण बाहेर आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२मध्ये कायदा करून २०२४ पासून गरीब विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी आहार साहाय्य कायमचे केले. महिन्याला ४० डॉलर, तीन महिन्यांचे १२०, आणि ते फक्त अन्नावर खर्च करता येणाऱ्या कार्डावर. तिथेही काही राज्यांनी पहिल्या वर्षी योजना नाकारली, पण सुट्टीतली भूक हा सरकारचा विषय आहे, हे तत्त्व कायद्यात आले. इंग्लंडमध्ये जून २०२०मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने खासदारांना पत्र लिहिले आणि उन्हाळ्यात मोफत जेवणाची मदत नाकारणाऱ्या सरकारला निर्णय फिरवावा लागला. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. केरळात सुट्टीच्या तोंडावर विद्यार्थ्यांना घरी न्यायला तांदूळ दिला जातो. कर्नाटकाने २०२४च्या उन्हाळ्यात दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांत सुट्टीभर जेवण शिजवले.

जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव

१९७२च्या दुष्काळाच्या आठवणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांकडे अजून आहेत. खडी फोडण्याची कामे, रेशनवरचा लाल मिलो आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी. त्या काळात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नुकतेच, १९७० साली, ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे काम सुरू केले होते. औषधाआधी अन्न आणि पाणी हवे, हे त्यांना गावाने शिकवले. दुष्काळात लहान मुलांसाठी गावकऱ्यांच्या सहभागातून सामूहिक स्वयंपाक चालवले गेले. पुढे याच कामातून गावातल्या, बहुतेक निरक्षर स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि जामखेडचे नाव जगाच्या आरोग्यविचारात गेले. मुलांना जेवू घालण्यासाठी मोठी इमारत किंवा पदवीधर अधिकारी लागत नाही, गावाने हे काम आपले मानावे लागते, हे या जिल्ह्याने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. आणि शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो लोक जेवतात. जेवू घालण्याची क्षमता जिल्ह्यात नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही.

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत सकाळी जाऊन पाहा. स्वयंपाकी-मदतनीस ताई पटावरच्या हजेरीप्रमाणे तांदूळ मोजून घेतात, मटकी किंवा मूगडाळ निवडतात, मोठ्या पातेल्यात फोडणी घालतात. मुले घरून आणलेली ताटे घेऊन व्हरांड्यात बसतात. एखादी मुलगी अर्धी खिचडी खाते आणि उरलेली डब्यात भरून झाकण लावते, कारण घरी धाकटा भाऊ आहे. एप्रिलअखेर साठा नोंदवहीत शिल्लक तांदूळ लिहिला जातो, पोती खोलीत ठेवली जातात आणि कुलूप लागते. त्या तांदळाला उन्हाळाभर सोंडे लागतात. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, ज्यांच्या नावाने तो तांदूळ आला ती मुले असतात. ताईंचा स्वयंपाकही थांबतो आणि मानधनही, कारण केंद्राच्या नियमाने ते वर्षातले दहाच महिने धरलेले आहे. ताई बहुतेक वेळा याच मुलांपैकी कोणाची तरी आई किंवा चुलती असते. म्हणजे सुट्टी लागली की काही घरांत मुलाचे जेवण आणि आईची कमाई एकाच दिवशी बंद होते.

अडचणी आणि उत्तरे

हरकती घेतल्या जातात, त्या खोट्या नाहीत. पहिली, सुट्टीत शिक्षक नसतात. पण जेवण शिजवायला शिक्षक लागतच नाही. स्वयंपाकी ताई, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत मिळून हे काम करू शकतात. देखरेखीला पाळीपाळीने एक कर्मचारी ठेवून त्याला मानधन दिले की पुरे. शिक्षकांची सुट्टी हिरावण्याची गरज नाही, आणि तसे केले तर योजना पहिल्याच वर्षी मोडेल.

दुसरी, मुले मामाच्या गावाला जातात. काही जातात. मग मामाच्या गावच्या शाळेत त्यांना ताट मिळाले पाहिजे. रेशन कार्ड देशभर चालते, तर मुलाचे नाव शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत चालायला काय हरकत आहे?

तिसरी, ऊन आणि पाणी. मेमध्ये दुपारी बारा वाजता मुलांना शाळेत बोलावणे क्रूरपणाचे होईल. जेवण सकाळी आठ-साडेआठला द्यावे. टँकरच्या गावात टँकरची एक खेप शाळेच्या टाकीत पडली पाहिजे, आणि हे टंचाई आराखड्यात आधीच लिहिलेले असले पाहिजे.

चौथी हरकत पैशाची. १ मे २०२५ पासूनच्या दराने प्राथमिकच्या एका जेवणाचा साहित्यखर्च ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकचा १० रुपये १७ पैसे आहे. पस्तीस दिवसांचे होतात अनुक्रमे सुमारे २३७ आणि ३५६ रुपये. प्राथमिकची एक लाख मुले धरली तरी साहित्याचा खर्च दोन कोटी सदतीस लाखांच्या आसपास येतो. ताईंचे मानधन आणि वाहतूक त्यावर धरली तरी जिल्हा नियोजन समितीच्या आणि राज्याच्या तिजोरीला ही रक्कम जड नाही. पण मुलांच्या ताटावर कात्री लवकर चालते, हेही खरे. आठवड्याला एक अंडे किंवा केळे देण्याची सोय नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये राज्याने तिचा निधी थांबवून शाळांना लोकसहभागातून अंडी मिळवायला सांगितले. म्हणूनच सुट्टीचे जेवण एखाद्या वर्षाच्या शासन निर्णयावर सोडून चालणार नाही.

करायला हवे ते असे. केंद्राने अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमातला सुट्ट्यांचा अपवाद काढावा. तोवर राज्याने दुष्काळ जाहीर असो वा नसो, ऊसतोड स्थलांतराच्या आणि आदिवासी तालुक्यांत उन्हाळी आहार दरवर्षीचा करावा आणि त्याचा आदेश मार्चअखेर शाळांच्या हातात द्यावा. आश्रमशाळेतल्या प्रत्येक मुलाला घरी जाताना डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे आणि धान्य यांचा सहा आठवड्यांचा संच द्यावा. जिथे मुले शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत अशा वाड्या-वस्त्यांवर हाच संच पोहोचवावा. स्वयंपाकी ताईंना बारा महिन्यांचे मानधन मिळावे. आणि शाळा सुटताना व शाळा भरताना प्रत्येक मुलाचे वजन घ्यावे. या एका कामाला जवळपास पैसा लागत नाही, आणि आजवर न दिसलेले नुकसान त्यानेच प्रथम कागदावर येईल.

जिल्हा परिषद राज्याची वाट न पाहता स्वतःच्या निधीतून पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगाव आणि अकोल्यातल्या काही केंद्रांत हे पुढच्या उन्हाळ्यात सुरू करू शकते. ग्रामसभेत ठराव करून गावही सुरू करू शकते. जो वाचक शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, ग्रामपंचायतीत आहे, त्याने फेब्रुवारीतच हा विषय मांडावा. मेमध्ये मांडला तर उशीर झालेला असतो, हे २०१६ने दाखवले आहे.

२०२४ साली या जिल्ह्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, ३१ मे १७२५ रोजीचा. घाट, विहिरी आणि अन्नछत्रे ही त्यांच्या राज्यकारभाराची ओळख. त्यांच्या जयंतीच्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा बंद असतात आणि शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेले एकही मूल शासनाच्या ताटावर बसलेले नसते. नाव देऊन झाले आहे. आता येत्या ३१ मे रोजी निदान चौंडीच्या परिसरातल्या प्रत्येक शाळेत चूल पेटलेली असावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात ती कोणत्याही यादीची वाट न पाहता पेटावी. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे आणि प्रशासनाकडे एवढी मागणी लेखी करा, आणि उत्तरही लेखी मागा.